आल्टेनब्रुकची उजवी बाजू

कोबे, २ जून २०२५

ती. सुमेधामावशी,

नमस्कार. मी सौमित्र, तुमच्या मामेबहिणीचा, विभाचा मुलगा. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं वाचवत नाहीत असं आई म्हणाली, म्हणून कागदावर लिहितो आहे. अक्षर मोठं काढलं आहे. तरी लहान वाटलं तर कळवा.

तुम्हाला माहीतच आहे की डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून मी इथे भाषाशाळेत आलो आणि मग हॉटेलच्या कामाची परीक्षा पास झालो. ही नोकरी मिळाली ती तुमचे जयेशदादा हमी राहिले म्हणून. कोबेच्या मागच्या डोंगरात एक बाग आहे. तिचं नाव ‘आल्टेनब्रुक मुरा’, म्हणजे आल्टेनब्रुक गाव. १९९१ साली इथल्या एका कंपनीने जर्मनीतल्या आल्टेनब्रुक गावाचा मुख्य रस्ता जसाच्या तसा इथे बांधला. एका टोकाला वेशीचा बुरूज, दुसऱ्या टोकाला चर्च, मध्ये एकशे ऐंशी मीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. घरांच्या आत हॉटेलच्या खोल्या आहेत. मी तिथे काम करतो.

हल्ली पुण्या-मुंबईच्या सहलकंपन्यांचे गट येतात. त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक हवं आहे. माझ्या वरिष्ठ हिरोसे-सान यांनी ते माझ्याकडे दिलं आहे. इथे छापलेल्या कागदात एकही चूक चालत नाही. चूक झाली तर काय होतं ते मला माहीत नाही, कारण अजून कुणाची झालेली मी पाहिलेली नाही.

आई म्हणाली, की तुम्ही आणि काका चार वर्षं खऱ्या आल्टेनब्रुकमध्ये, त्याच रस्त्यावर राहत होता. मला आधी विश्वास बसला नाही. कृपया रस्त्याबद्दल जे आठवतं ते लिहाल का? वेशीकडून चर्चकडे जाताना काय काय लागतं, त्या क्रमाने लिहिलं तर सोपं जाईल. घाई नाही. पण ऑगस्टअखेर मजकूर द्यायचा आहे.

आपला,
सौमित्र


बिबवेवाडी, पुणे
१७ जून २०२५

सौमित्र,

पत्र पोचलं. अक्षर इतकं मोठं आहे की समोरच्या इमारतीतूनही वाचता येईल. पुढच्या वेळी निम्मं कर, कागद वाचेल.

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. जयेशचं म्हणणं असं की मी विसरायला लागले आहे. मार्चमध्ये एकदा गॅस चालू राहिला. शेजारच्या तेजश्रीला वास आला, तिने येऊन बंद केला आणि जयेशला कळवलं. तेव्हापासून तो तिकडे जपानात, एदोगावात बसून माझ्यावर लक्ष ठेवतो. तळेगावजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे म्हणे, नर्स वगैरे असलेली. दिवाळीत येईल तेव्हा ठरवणार. मला या घरातून हलायचं नाही. तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे, बाल्कनीत अबोली आहे, आणि जिन्यात भेटणारी माणसं मला नावाने ओळखतात. तेव्हा तुझे प्रश्न म्हणजे माझी परीक्षा समजते. सगळं बरोबर आलं तर जयेशला सांग.

तर ऐक. आम्ही १९७८ च्या सप्टेंबरात गेलो. तुझ्या प्रतापकाकांना कंपनीने तिथल्या प्रेस मशीनच्या कारखान्यात पाठवलं होतं. वेशीच्या बुरुजातून आत शिरलं की डाव्या हाताला खाणावळ. तिच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, प्रत्येक रेघेशी साल. सर्वांत वरची १७८४ ची, माझ्या डोक्याच्याही वर. पुढे डावीकडेच औषधांचं दुकान, दारावर सोनेरी खलबत्ता. त्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. समोर, म्हणजे उजव्या हाताला, बेकरी. तिच्याही पुढे उजवीकडे नगरभवन, त्याला लाकडी सज्जा. मधोमध कारंजं. शेवटी चर्च. चर्चचं टोक युद्धात पडलं होतं. नंतर तांब्याचं बसवलं, ते हिरवं पडलेलं.

आमची घरमालकीण फ्राउ केसलर. औषधांचं दुकान तिच्या नवऱ्याचं. ती सांगायची की पूर्वी या रस्त्याला मिठाची गल्ली म्हणत. डोंगरातलं मीठ इथून नदीवर जायचं. दोन मिठाच्या गाड्या एकमेकींना न घासता जाव्यात एवढी रुंदी ठेवायची असा नियम होता. १७०४ साली आग लागली, उजवी बाजू सगळी जळली, म्हणून तिकडची घरं नंतरची आणि जरा शहाणी दिसतात. डावीकडची जुनी, पोट पुढे आलेली.

जयेश तिथेच जन्मला, १९८० च्या मार्चमध्ये. बर्फ होतं. त्याला हे सांगितलं की तो मोबाइलकडे बघतो. फोटोंचा अल्बम त्याच्याकडेच आहे, मागच्या खेपेला घेऊन गेला. माग त्याच्याकडे.

मार्क कळव.

सुमेधामावशी


कोबे, १ जुलै २०२५

ती. मावशी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मिठाच्या गाड्यांची गोष्ट आमच्या कुठल्याच कागदात नाही. हिरोसे-सान यांना ती फार आवडली. मी टेपने रस्ता मोजला. सहा मीटर वीस सेंटिमीटर भरला. दोन बैलगाड्या जातील की नाही ते मला ठरवता आलं नाही.

पुराच्या रेघा इथेही आहेत आणि १७८४ ची सर्वांत वर आहे. खलबत्ता आहे. सज्जा आहे. चर्चचं टोक हिरवं आहे (रंग दिला आहे). सालं सगळी जुळतात.

एक लहानशी गोष्ट लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. तुम्ही परीक्षा म्हणालात, म्हणून लिहितो. वेशीकडून चर्चकडे जाताना खाणावळ उजवीकडे आहे, डावीकडे नाही. औषधांचं दुकानही उजवीकडे. बेकरी आणि नगरभवन डावीकडे. कारंजं मधोमध आहे, ते बरोबर आहे. कदाचित तुम्ही चर्चकडून वेशीकडे येतानाचं लिहिलं असेल. तसं असेल तर सगळंच जुळतं. कृपया राग मानू नका.

सौमित्र


ई-मेल
१२ जुलै २०२५

सौमित्र,

आई म्हणाली तुम्हा दोघांचं लेटर रायटिंग चाललंय. छान आहे. तिला एंगेज ठेव.

एक मदत हवी. मी फोन केला की ती ‘सगळं ठीक’ म्हणते आणि विषय बदलते. एकाच दिवशी दोनदा फोन करून एकच गोष्ट सांगते. डॉक्टर म्हणतात, ऑब्झर्व्ह करा, एक्झॅम्पल्स लिहून ठेवा. तुला ती जुन्या गोष्टी लिहिते ना? त्यात काही गडबड दिसली तर मला स्पष्ट कळव. तळेगावच्या लोकांना सप्टेंबरअखेर हो-नाही सांगायचं आहे. मला इथून तिच्या दाराशी पोचायला अख्खा दिवस लागतो रे. पुढचा गॅस कोण बंद करणार?

अल्बम वरच्या कपाटात कुठल्या तरी बॉक्समध्ये आहे. आत्ता शोधायला वेळ नाही.

जयेश


ई-मेल
१३ जुलै २०२५

जयेशदादा,

विचारलंत म्हणून लिहितो. नुसतं मत देण्यापेक्षा तक्ता केलेला बरा, म्हणून तो सोबत जोडला आहे.

थोडक्यात: मावशींना सालं, नावं, घटना अचूक आठवतात. परंतु रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या चार ठिकाणांपैकी चारही त्यांनी विरुद्ध बाजूला लिहिली आहेत. त्या उलट्या दिशेने येत असाव्यात अशी मी शक्यता धरली होती, पण त्यांनी क्रम वेशीपासूनच दिला आहे. त्यामुळे ती शक्यता टिकत नाही.

याचा अर्थ काय ते मला ठरवता येत नाही. मी फक्त जे आहे ते लिहिलं आहे.

सौमित्र


बिबवेवाडी
१८ जुलै २०२५

सौमित्र,

राग कसला? पण तू चुकतो आहेस.

मी सांगते ते वेशीकडून चर्चकडे जातानाचंच. आता कारण ऐक. तुझे काका त्या प्रेस मशीनपाशी उभे राहून डाव्या कानाने बहिरे झाले. तिथे गेल्यावर सहा महिन्यांतच. डाव्या बाजूने काही बोललं तर नुसती मान हलवायचे, आणि मग आपण काय कबूल केलं ते त्यांना घरी आल्यावर कळायचं. एकदा असंच मान हलवून त्यांनी फ्राउ केसलरकडून मांजर घेतलं. तेव्हापासून मी कायम त्यांच्या उजव्या बाजूने चालायची. पुण्यात आल्यावरही, लग्नकार्यातही, शेवटपर्यंत.

रविवारी आम्ही वेशीपासून चर्चपर्यंत फिरायला जात असू. जाताना बेकरीच्या काचा माझ्या बाजूला यायच्या. मी काचेत बघत चालायची आणि ते म्हणायचे, ‘सुमे, पाव आहे तो, सोनं नाही.’ परत येताना औषधांचं दुकान माझ्या बाजूला. म्हणून घराची किल्ली नेहमी माझ्या पर्समध्ये.

चार वर्षं, दर रविवारी. आता सांग, बेकरी डावीकडे कशी येईल? तुझ्या जपान्यांना विचार.

मावशी


कोबे, २ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

काकांच्या कानाचं वाचलं. मला माहीत नव्हतं.

तुम्ही विचारायला सांगितलंत, म्हणून विचारलं. हिरोसे-सान म्हणाल्या, बांधणीचा नकाशा आणि रस्ता तंतोतंत जुळतो. १९९१ पासून त्या इथे आहेत.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो. इथे एक पद्धत आहे. रोज सकाळी सव्वाआठला बाग उघडण्यापूर्वी हिरोसे-सान आणि मी वेशीपासून चर्चपर्यंत चालतो. प्रत्येक दारासमोर थांबून, हात लांब करून, बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं असतं: ‘उजवीकडे खाणावळ, योशी! डावीकडे बेकरी, योशी!’ योशी म्हणजे ठीक. नुसतं बघितलं तर डोळे चुकतात. बोट आणि तोंड दोन्ही लावलं तर चूक होत नाही, असं त्यांचं म्हणणं. इथल्या रेल्वेतही असंच करतात. हे मी आतापर्यंत साधारण चारशे वेळा केलं आहे. त्यामुळे माझी चूक होण्याची शक्यता फार कमी आहे.

सोबत फोटो पाठवतो आहे. वेशीकडे पाठ करून काढला आहे. बेकरीवर पेनाने बाण केला आहे.

शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं आहे हे सगळं. डावं-उजवं कुणाचंही हलेल. माहितीपत्रकात बाकीचं सगळं तुमचंच आहे.

सौमित्र


बिबवेवाडी
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौमित्र,

फोटो पाहिला. बेकरी डावीकडे आहे. फोटोपुढे काय बोलणार?

दोन दिवस घरातल्या घरात चालून बघितलं. दिवाणखान्यात तुझ्या काकांची खुर्ची डाव्या हाताला ठेवली आणि दारापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारल्या. मनात बेकरी येते ती उजवीकडेच. म्हणजे चूक अगदी पक्की बसलेली आहे. मग असं वाटलं की तो बहिरा कान तरी डावाच होता ना? विचारायला आता माणूस नाही.

काल तेजश्री रिक्षा घेऊन आली होती, बँकेत जायचं होतं. तिने खालून फोन केला, ‘काकू, फाटकातून बाहेर पडून डावीकडे उभी आहे.’ मी फाटकाशी पाच मिनिटं उभी राहिले. शेवटी तीच येऊन हाताला धरून घेऊन गेली. म्हणाली, ‘काकू, असं काय करता?’

जयेशने परवा फोनवर मला एक तक्ता वाचून दाखवला. चार ठिकाणं, चार चुका. कुणी केला ते त्याने सांगितलं नाही. त्याने तो तेजश्रीच्या मोबाइलवर पाठवला, तिने मोठा करून दाखवला. एकही वेलांटी चुकलेली नव्हती. आमच्या जयेशला तसं जमत नाही. तेव्हा कुणी केला ते मला कळलं. तू खोटं काही लिहिलं नाहीस, मग रागवायचं कशाला?

तळेगावचा अर्ज भरून, सही करून ठेवला आहे. दिवाळीत जयेश आला की त्याच्या हातात देईन. अबोलीची कुंडी तेजश्री घेते म्हणाली.

तुझं पत्रक छापून झालं की एक पाठव.

सुमेधामावशी


कोबे, ४ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवतो आहे आणि याचा फोटो आत्ताच तेजश्रीताईंना पाठवला आहे. त्या तुम्हाला वाचून दाखवतील. पहिलं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचावं अशी विनंती आहे.

बेकरी उजवीकडेच आहे.

आता क्रमाने लिहितो. तुमचं पत्र मिळाल्यावर मी तक्ता पुन्हा उघडला. कुठे तरी माझी चूक सापडावी असं वाटत होतं. चार ठिकाणं, चारही उलटी. इतके दिवस हे मला तुमच्या विसरण्याचं चिन्ह वाटत होतं. पण जेवताना लक्षात आलं की खरंच विसरलेला माणूस चारपैकी एक-दोन तरी नकळत बरोबर सांगतो. चारही चुकायला सगळं पक्कं आठवावं लागतं. म्हणजे दोनपैकी एक रस्ता पूर्ण उलटा होता, आणि तो तुमचा आहे असं मी धरून चाललो होतो.

जेवण तसंच टाकून हिरोसे-सान यांच्याकडे गेलो. त्यांना म्हणालो, ‘कदाचित आपलं गाव चुकलं आहे.’ त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून एक पेटी काढली. बांधणीच्या वेळी इथले दोन आराखडेकार आल्टेनब्रुकला गेले होते, दोनच दिवस, आणि दोन्ही दिवस पाऊस. प्रत्येक घराचे जवळून खूप फोटो काढले होते. पण कोणतं घर कोणत्या बाजूला, हे दाखवणारा संपूर्ण रस्त्याचा फोटो एकच. वेशीच्या बुरुजावरून काढलेला. जुन्या पद्धतीची, पडद्यावर प्रकाश टाकून बघायची चौकट असते ना, ती स्लाइड. तिच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी शाईने ‘मुख्य रस्ता’ असं लिहिलं होतं. ते पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. लिहिलेली बाजू आपल्याकडे ठेवायची असं सगळ्यांनी धरलं, आणि अख्खा रस्ता आरशासारखा उलटा दिसला. घरं जवळच्या फोटोंवरून बांधली म्हणून प्रत्येक घर बरोबर आहे. फक्त उभं चुकीच्या बाजूला आहे.

स्लाइड खिडकीशी धरून आम्ही भिंगातून पाहिलं. बेकरीपुढे पावाची गाडी उभी आहे. तिच्यावरची अक्षरं मोहरीपेक्षा बारीक आहेत. लिहिलेली बाजू आपल्याकडे ठेवली तर ती उलटी दिसतात. फिरवली की सुलटी होतात, आणि बेकरी उजवीकडे जाते.

मग मी फोनवर खऱ्या गावाचा नकाशा उघडला. नगरभवन उजवीकडे. हा नकाशा पहिल्या दिवसापासून माझ्या खिशात होता. मी उघडला नाही, कारण मला शंकाच नव्हती. चारशे वेळा बोट दाखवलं होतं.

तक्ता मी केला होता. जयेशदादांनी विचारलं तेव्हा मी तुम्हाला न सांगता तो पाठवला. ‘जे आहे ते लिहिलं’ असं त्यांना कळवलं होतं. ते खरं नव्हतं. जे मला दिसत होतं ते लिहिलं होतं. माफी मागतो.

काकांचा डावाच कान. कृपया अर्ज कुणाला देऊ नका.

सौमित्र


ई-मेल
४ सप्टेंबर २०२५

जयेशदादा,

१३ जुलैचा तक्ता मी मागे घेतो. त्यातली ‘बरोबर’ आणि ‘चूक’ ही दोन शीर्षकं अदलाबदल करून वाचावीत. मावशींना लिहिलेलं पत्र, स्लाइडचे दोन फोटो आणि नकाशा जोडला आहे.

गॅसबद्दल मला काही म्हणता येत नाही. त्याची माहिती मला नाही. पण रस्ता त्यांना आमच्या सगळ्या बागेपेक्षा नीट आठवतो.

अल्बम एकदा काढावा अशी विनंती आहे.

सौमित्र


ई-मेल
७ सप्टेंबर २०२५

सौमित्र,

वाचलं. खरं सांगू का, पहिला विचार आला की एका स्लाइडने मेडिकल प्रश्न सुटत नाही. आईचं वय शहात्तर आहे, गॅस चालू राहिला होता हे फॅक्ट आहे.

पण आज रविवार होता, म्हणून कपाट उघडलं. चौथ्या बॉक्समध्ये अल्बम मिळाला. मुलगी, अनघा, शेजारी येऊन बसली. आजीचा चेहरा बघून जपानीत म्हणाली, ‘ही तर आईपेक्षा लहान दिसते.’ मग एक फोटो निघाला. फ्राउ कुणीतरी काढलेला असणार. तिघं कॅमेऱ्याकडे चालत येतायत, मागे लांब वेशीचा बुरूज. मी बाबांच्या खांद्यावर. आई बाबांच्या उजव्या हाताला. आणि ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. मान वळवून बेकरीच्या काचेत बघतेय.

तळेगावला मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हणणार होतो. तूर्त थांबवलंय.

फोटोचं आणि तळेगावचं तिला तू काही सांगू नकोस. मी जाऊन बोलतो.

जयेश


कोबे, ६ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

तेजश्रीताईंचा निरोप मिळाला की तुम्ही पत्र दोनदा वाचून घेतलंत आणि मग चहा टाकलात. त्यापुढे काही कळलं नाही, म्हणून काळजीत आहे. पण लिहायचं होतं ते लिहितो.

इथे चार बैठका झाल्या. घरं हलवता येणार नाहीत हे पहिल्याच बैठकीत ठरलं. उरलेल्या तीन बैठका, ही गोष्ट लोकांना कशी सांगायची यावर झाल्या. एक जण म्हणाला, चौतीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, मग गप्प बसावं. हिरोसे-सान म्हणाल्या, ‘एका बाईंच्या लक्षात आलं आहे आणि त्यांना आपण चूक ठरवलं आहे.’ मग सांगायचंच असं ठरलं. आल्टेनब्रुकच्या नगरभवनालाही पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, की हो, बेकरी उजवीकडेच होती, आता तिथे चष्म्याचं दुकान आहे.

परवा वेशीपाशी पितळी पाटी लावली. जपानी, इंग्रजी आणि मराठीत. मराठी मजकूर मी लिहिला, तो असा:

‘हा रस्ता आल्टेनब्रुक गावाच्या मुख्य रस्त्यावरून बांधला आहे. बांधताना आमच्याकडून डावी आणि उजवी बाजू उलटी झाली. मूळ गावात बेकरी व नगरभवन उजवीकडे, तर खाणावळ व औषधालय डावीकडे आहे. ही चूक दाखवून देणाऱ्या श्रीमती सुमेधा प्रताप नातू, पुणे (वास्तव्य आल्टेनब्रुक, १९७८ ते १९८२) यांचे आम्ही आभारी आहोत.’

सकाळचा फेराही बदलला. आता बेकरीसमोर बोट दाखवून म्हणायचं: ‘इथे डावीकडे, तिथे उजवीकडे, योशी!’ पहिल्या दिवशी हिरोसे-सान हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

माहितीपत्रकाच्या दोन प्रती सोबत पाठवल्या आहेत. पान तीनवर मिठाच्या गाड्या आहेत.

सौमित्र


बिबवेवाडी
२९ ऑक्टोबर २०२५

सौमित्र,

दिवाळी झाली. जयेश आठ दिवस राहून गेला. एकटाच आला होता.

आल्या आल्या त्याने बॅगेतून अल्बम काढला आणि काही न बोलता तो फोटो माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, ‘आधी हातपाय धू.’ मग बघितला. कोट हिरवा होता माझा, फोटोत काळा दिसतो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो हळूच विचारतो, ‘आई, आज वार कोणता?’ मी वार सांगितला, तिथीही सांगितली. मग मी त्याला विचारलं, ‘तुझ्या बाबांना कुठल्या कानाने ऐकू यायचं नाही?’ त्याने आधी उजव्या कानाला हात लावला, मग डाव्या. पस्तीस वर्षं एका घरात राहिला त्यांच्याबरोबर. मी काही त्याचा तक्ता केला नाही.

अर्ज मी ड्रॉवरमधून काढून त्याच्याकडे दिला. त्याने वाचला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल आता हलत नाही.

गॅस मात्र काढून टाकला. ते त्याचं बरोबर होतं, तेव्हा मी भांडले नाही. आता आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आहे. भाकरी तिच्यावर चांगली होत नाही. तेजश्रीकडे दुसरी किल्ली ठेवली आहे आणि रोज नऊ वाजता तिने बेल वाजवायची असं ठरलं आहे. अबोली परत आणली.

जाताना फाटकाशी जयेश म्हणाला, ‘रिक्षा कुठल्या बाजूला थांबवू?’ मी म्हटलं, ‘उजवीकडे.’ मग दोघं रिक्षापर्यंत चालत गेलो. तो आपण होऊन माझ्या डावीकडून चालला. त्याचे दोन्ही कान धड आहेत, तरी.

पाटीचा फोटो तेजश्रीने मोठा करून भिंतीला लावला आहे. येणारा-जाणारा वाचतो. वरच्या मजल्यावरचे नरेंद्र म्हणाले, ‘काकू, जपानला चूक दाखवलीत!’ मी म्हटलं, एकाच रस्त्याची.

आता एक काम कर. बेकरीच्या दाराला किती पायऱ्या आहेत ते मोज. घरं जवळच्या फोटोंवरून बांधली म्हणतोस, म्हणजे पायऱ्या तरी बरोबर असतील. मी तीन म्हणते. तू मोज, वहीत लिहून ठेव, पण मला कळवू नकोस.

आशीर्वाद.

मावशी


कोबे, १२ नोव्हेंबर २०२५

ती. मावशी,

सकाळच्या फेरीत बोट दाखवून, मोठ्याने मोजल्या. वहीत लिहिल्या आहेत. तारीखही घातली आहे.

अक्षर निम्मं केलं आहे. वाचता येत असेल अशी आशा आहे.

तुमचा,
सौमित्र